न धरलेला महिना

१

शनिवारी दुपारची जेवणं झाली की आमच्या ऑफिसात कार्डं पाडायची असत. पाडायची म्हणजे खरोखरच पाडायची. पोस्टकार्डापेक्षा मोठी, जाड कार्डं, आणि कडेकडेने बारीक भोकं. एक कार्ड म्हणजे एक गरोदर बाई. वरच्या कडेची भोकं महिन्यांची, खालच्या कडेची आठवड्यांची. बाईचे दिवस ज्या महिन्यात भरणार, त्या भोकापासून काठापर्यंत कातरीने खाच मारायची. मग सगळा गठ्ठा हातात धरून त्या महिन्याच्या भोकातून लांब सळई घालायची, गठ्ठा सैल सोडायचा आणि हलवायचा. खाच मारलेली कार्डं सळईवरून सुटून टेबलावर पडतात, बाकीची लटकून राहतात. पडलेल्या कार्डांतून पुन्हा आठवड्याची सळई. दुसऱ्यांदा जी पडतील त्या बायका पुढच्या आठवड्यातल्या. सोमवारी जीप त्यांच्याकडे जायची.

ही युक्ती डॉक्टर सरोजिनीबाईंनी परदेशात कुठल्याशा इस्पितळात पाहिली होती. त्र्याहत्तर साल नुकतंच लागलं होतं. पाऊस नव्हता, पिकं नव्हती, आणि जिल्हाभर दुष्काळी कामांवर बायका खडी फोडत होत्या. नववा महिना लागला तरी हातोडा खाली ठेवत नव्हत्या, कारण ठेवला की हजेरी बुडायची. बाईंच्या मंडळाने वर खटपट करून एवढं मिळवलं होतं, की आमच्या कार्डावर जिची तारीख जवळ आली तिला खडीवरून काढून पाळणाघरात बसवायचं आणि तिची हजेरी लावायची. म्हणजे सगळं त्या तारखेवर होतं. तारीख चुकली तर बाई दगडाच्या ढिगावर बाळंत व्हायची.

ऑफिसात टेबलं दोन. एक माझं, दुसरं नृसिंहराव देव यांचं. नृसिंहराव पंचांग पाहिल्याशिवाय शिंकतसुद्धा नाहीत असं मी त्यांच्या तोंडावर म्हणत असे, आणि ते मनावर घेत नसत. मी स्वतः तेव्हा आठव्या महिन्यात होते. सरोजिनीबाईंनी माझंही कार्ड करून गठ्ठ्यात सारलं होतं. "घरचं गिऱ्हाईक!" म्हणून हसल्या होत्या.

त्या महिन्यात सुप्याच्या कामावर तेच झालं. एक बाई ढिगावरच बाळंत झाली आणि मूल गेलं. आमच्या कार्डावर तिला अजून महिनाभर अवकाश होता. बाईंनी आम्हा दोघांना समोर उभं केलं. आवाज चढवला नाही. "चूक कुठे आहे ती शोधा," एवढंच म्हणाल्या. मला रडू आलं आणि रागही आला, कारण कार्डांचं काम आम्हा दोघांचं होतं आणि माझ्या वाट्याचं मी नीट केलं होतं.

२

त्या आठवड्यातल्या शनिवारी मी कार्डं पाडली, आणि मग तोच गठ्ठा, तोच आठवडा, नृसिंहरावांनी पाडला. कार्डं तेवढीच भरली. मी गठ्ठा उचलून ठेवायला लागले तर ते म्हणाले, "थांबा नीलांबरीबाई, नावं वाचू." त्यांना मोठ्याने वाचायची खोड होती. वाचता वाचता ते अडले. माझ्या कागदावरची काही नावं त्यांच्या ढिगात नव्हती, आणि त्यांच्या ढिगातली काही माझ्या कागदावर नव्हती. आकडा मात्र जुळत होता.

असा घोळ म्हणजे नुसता वैताग. आम्ही सळई बदलली. भोकं उजेडात धरून पाहिली. काही कार्डांवर एकाच बाईच्या दोन महिन्यांना खाचा मारलेल्या सापडल्या. एक माझ्या हातची, एक त्यांच्या. अशी कार्डं गठ्ठा कसा हलवला त्यावर कधी या महिन्यात पडत, कधी त्या. पण दोन खाचा का, ते कळेना.

ते घरी कळलं. रात्रीची पानं वाढता वाढता सासूबाई म्हणाल्या, "तुला अजून अवकाश आहे गं. धोंडा कशाला धरतेस?"

मी हातातली पळी तशीच धरून राहिले. आदल्या वर्षी वैशाख अधिक आला होता. अधिक महिना म्हणजे आमच्याकडे धोंड्याचा. जावयाला बोलवायचं, अनारसे द्यायचे, दानधर्म करायचा, पण लग्न नाही, मुंज नाही, कुठलंही शुभकार्य नाही. महिना आहे पण कुठल्या कामाला धरायचा नाही. आणि कितीतरी बायका पोटचे महिने मोजतानाही तो धरत नाहीत, नुसता ओलांडून पुढे जातात. कोणी सांगितलं होतं "वैशाखात चुकली", तर मी पहिला वैशाख धरला होता, नृसिंहरावांनी दुसरा. दोघांनीही आपापल्या परीने बरोबरच केलं होतं आणि सुप्याचं ते मूल गेलं होतं.

पुढचे दिवस झुंबरबाई गावोगाव फिरल्या. झुंबरबाई आमच्या सुईण. वय झालेलं, पण जीपमध्ये सर्वांत आधी चढायच्या. त्यांनी तारखेची शंका असलेल्या बायकांना पुन्हा विचारलं, धोंड्याच्या आधी की धोंड्यात की नंतर. आम्ही ती सगळी कार्डं नव्याने केली. धोंड्यातल्या बायकांसाठी कोपऱ्यात एक वेगळं भोक ठेवलं. माझ्याही कार्डाला ती कोपऱ्यातली खाच पडली, कारण मीही धोंड्यातलीच. काम संपलं तेव्हा मला इतकं हलकं वाटलं की मी नृसिंहरावांना पदरचा चहा पाजला.

३

नव्या गठ्ठ्यातून मी पहिल्यांदा माझाच आठवडा पाडला. थोडी गंमत म्हणून.

कार्डं पडली. आकडा हवा तेवढाच भरला. वाचायला घेतली तर त्यात मी नव्हते. माझ्या जागी एक साळूबाई होती. सुप्याचं तळ्याचं काम, शेवटचं पाल. नवऱ्याचं नाव नाही, गाव नाही. अक्षर माझं होतं, पण त्यात नवल नव्हतं, अर्ध्या गठ्ठ्याचं अक्षर माझंच होतं. हे कार्ड लिहिल्याचं मात्र काही केल्या आठवेना.

मग मी कार्ड उलटं केलं, उजेडात धरलं. त्याच्या कुठल्याही कडेला खाच नव्हती. एकही नाही. सगळी भोकं शाबूत होती. असं कार्ड सळईवरून पडूच शकत नाही.

आणि माझं कार्ड, दोन्ही कडांना आणि कोपऱ्यात व्यवस्थित खाचा असलेलं, सळईवर लटकलं होतं. मी बोटाने टिचकी मारली. हललं, पण सुटलं नाही.

"तुमच्यासारखंच हट्टी आहे," नृसिंहराव म्हणाले. मला हसू आलं. भोकाला गोंद लागला असेल, सळई वाकली असेल. दुपारचे दोन वाजले होते, खिडकीतून ऊन आत आलं होतं, बाहेर दिल्ली दरवाजाकडे जाणाऱ्या टांग्यांचे आवाज येत होते. अशा वेळी माणूस घाबरत नाही. मी गठ्ठा त्यांच्या हातात दिला. त्यांनी पाडला. साळूबाई पडली, मी लटकले.

"दुसरा आठवडा घ्या," मी म्हणाले.

त्यांनी दुसरा घेतला. टप. एकच कार्ड आधी पडलं, बाकीची मागून. साळूबाई. मग मार्च घेतला. टप. मग दिवाळीचा महिना घेतला, ज्यात आमच्याकडे एकही बाई नव्हती, एकही कार्ड पडायला नको होतं. गठ्ठा हलवायच्या आधीच टप झालं.

नृसिंहरावांनी सळई टेबलावर ठेवली आणि उठून मोरीवर जाऊन हात धुतले. परत आले तेव्हा त्यांना माझ्याकडे बघवत नव्हतं. "नवीन कार्ड करा," म्हणाले. मी कोऱ्या कार्डावर साळूबाईचं नाव लिहिलं, जुनं फाडलं. माझंही नवीन केलं, खाचा स्वतः मारल्या. पुन्हा पाडलं.

ती पडली. मी लटकले. आता मात्र मी टेबलापासून मागे सरले. माझं कार्ड न पडताही आकडा का भरत होता, हे मला तेव्हा उमगलं. जिथे मी असायला हवी होते तिथे ती होती.

४

सरोजिनीबाई पुण्याला गेल्या होत्या. मी सोमवारी जीपमध्ये जाऊन बसले. बन्सी ड्रायव्हरने माझ्या पोटाकडे पाहिलं आणि गाडी पुणे रस्त्याला इतकी सांभाळून घेतली की बैलगाड्या आम्हाला मागे टाकतील असं वाटत होतं. मी मनाशी एवढंच म्हणत होते की बाई खरी असेल तर तिच्याकडे कोणीतरी जायला हवं. खरी नसेल तर मला ते डोळ्यांनी बघायला हवं.

सुप्याच्या पुढच्या माळावर बायकांच्या रांगाच्या रांगा बसल्या होत्या. एका हातात हातोडा, दुसऱ्या हातात दगड दाबून धरलेला. सगळ्यांच्या अंगावर, भुवयांवर, केसांवर पांढरी धूळ. आवाज असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. मुकादम सूर्यभान छत्री घेऊन उभा होता.

"साळूबाई? हाय की," तो म्हणाला. "त्या तकडं, शेवटच्या पालात. लई दिस झालं, पडूनच हाय."

मला हायसं वाटलं. झुंबरबाई पाळणाघराकडे वळल्या आणि मी एकटी पालांच्या कडेने चालत गेले. शेवटचं पाल बाकीच्यांपासून जरा लांब होतं. कापड झाकलेलं होतं. वाकून आत शिरले, आणि शिरताच खडी फोडायचा आवाज थांबला. जेवणाची सुट्टी झाली असेल असं मला वाटलं.

आत वाकळ पांघरून बाई पडली होती, तोंड कापडाकडे केलेलं. पाठ तेवढी दिसत होती, आणि केस, धुळीने पांढरे झालेले.

"साळूबाई?"

"या बाई." आवाज तरणा होता.

"कितवा महिना?"

"धोंड्यात दिस गेलं."

"पहिलटकरीण का?"

"व्हय." मग म्हणाली, "धोंडा कुनी धरत न्हाई म्हनत्यात. तुमी धरला का?"

आमची चूक आम्ही शोधून दुरुस्त केली होती, आणि मला त्याचा अभिमान होता. "आम्ही धरतो," मी म्हणाले. "धरलाय."

"मंग माजा दिस तुमच्याकडं हाय."

"आहे ना. कार्डावर आहे."

"द्या मंग."

कामावरच्या बायका असंच मागायच्या. दुधाची पावडर द्या, चादर द्या, गोळ्या द्या. जीपभोवती इतक्या जणी असत, की आम्ही सगळेच तोंडाने "दिलं, दिलं" म्हणत पुढे सरकायचो. तसंच माझ्या तोंडून गेलं.

"बरं, दिला."

वाकळीतून हात आला. हिरव्या बांगड्या. तिने तोंड वळवलं नाही, मागे हात करून चाचपडलं आणि तळवा माझ्या पोटावर ठेवला. तळव्याला हातोड्याचे घट्टे होते, ते मला लुगड्यातून लागले. आतलं बाळ त्या हाताकडे वळलं. वळलं, ते मला स्पष्ट कळलं, कारण इतकं जोरात ते कधी वळलं नव्हतं.

मी बाहेर कशी आले ते आठवत नाही.

५

बाहेर दाणदाण हातोडे चालले होते. झुंबरबाई जीपपाशी होत्या.

"जेवणाची सुट्टी इतक्यात संपली?" मी विचारलं.

"कसली सुट्टी, ताई? आज हातुडा थांबल्याला न्हाई."

मी जीपमध्ये चढले. जीप सुटली. येताना ज्या खड्ड्यांत बाळ लाथा मारत होतं त्याच खड्ड्यांतून परत निघालो, आणि आत काही हललं नाही. मी पोटावर हात ठेवला. थापटलं. पाणी प्यायले. बराच वेळ गेला. मग मी बन्सीला गाडी थांबवायला लावली.

रस्त्याच्या कडेला एका बाभळीच्या सावलीत झुंबरबाईंनी मला मागच्या बाकावर आडवं केलं आणि लाकडी नळी काढली. पोटाला लावून वरून कान टेकला. इकडे, तिकडे, खाली. त्यांचा चेहरा मी वाचत होते. डोळे मिटून त्या पुष्कळ वेळ ऐकत राहिल्या.

"ठोके हायेत," त्या म्हणाल्या.

माझा जीव भांड्यात पडला. पण त्या उठेनात. पुन्हा कान लावला.

"बन्सी, इंजिन बंद कर रं."

"बंदच हाय की मावशे."

झुंबरबाई सरळ झाल्या आणि नळी पदराने पुसू लागल्या. गरजेपेक्षा जास्त वेळ पुसली.

"काय झालं? सांगा ना."

"ठोके हायेत, ताई. चांगले हायेत." त्यांनी माळाकडे पाहिलं, जिकडून आम्ही आलो होतो. "पन हितनं येत न्हाईत. लांबनं येत्यात."

दुसऱ्या दिवशी सरोजिनीबाई परतल्या. त्यांनी तपासलं आणि पाठीवर हात फिरवला. ठोके उत्तम, वाढ उत्तम, शेवटी शेवटी बाळाला हलायला जागा राहत नाही, पहिलटकरणीने सुइणीचं काहीबाही ऐकत बसू नये. मी शिकलेली बाई. मला ते पटायला हवं होतं. मी खूप प्रयत्न केला. पण रिकाम्या घरात बसल्यासारखं मला माझ्याच अंगात वाटत होतं, आणि हे कोणाला सांगायचं?

६

पुढच्या सोमवारी मी जाऊ शकले नाही. बन्सी आणि झुंबरबाई जाऊन आले. सूर्यभान म्हणाला, साळूबाई नावाची बाई हजेरीवर कधीच नव्हती. शेवटच्या पालात काम सुरू झाल्यापासून घमेली आणि पहारी ठेवतात.

"म्या सोता ऐकलं हुतं, त्यानंच बोट दाखवलं," बन्सी मला पुन्हा पुन्हा सांगत होता. "आज इचारलं तर म्हनतो, मला कुनी काय इचारलंच न्हाई." तोच माणूस, तोच प्रश्न, आणि उत्तर दुसरं.

नृसिंहरावांनी साळूबाईचं कार्ड काढलं, चहाच्या स्टोव्हवर धरलं आणि राख मोरीत टाकली. मग माझा आठवडा पाडला. माझं कार्ड पडलं. मी टेबलाला धरून हुंदके देऊन रडले, इतकं बरं वाटलं. त्यांनीही कपाळ पुसलं. मग, खात्री करावी म्हणून, त्यांनी सळई दिवाळीच्या महिन्यात घातली.

टप.

मी कार्ड उचललं. माझं नाव, माझं अक्षर. कडेवरून बोट फिरवलं. कड अखंड होती. मी मारलेल्या खाचा कुठेच नव्हत्या.

त्यानंतर मी ऑफिसात गेले नाही. भरवशाची एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे बाळ जन्माला येणं. एकदा ते हातात आलं की झालं, हाताने धरलेलं मूल कोण नेतं? ज्या दिवशी कळा यायला हव्या होत्या त्याच दिवशी आल्या, सकाळी, आणि दुपारी मुलगी झाली. चांगली भरलेली, गुलाबी, काळंभोर जावळ. फक्त रडली नाही. बाईंनी पायांना धरलं, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या. श्वास चालू होता, डोळे उघडे होते. "काही मुलं शांत असतात," बाई म्हणाल्या.

मलाही दूध आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशी नाही. शतावरी झाली, अळीव झाले, सासूबाईंचे डिंकाचे लाडू झाले. मुलगी गाईचं दूध बोंडल्याने प्यायची, हूं की चूं न करता. तिला कधी भूक लागत असेल तरी तिने ती मागितली नाही.

तोफखाना आळीतल्या आमच्या बिऱ्हाडी झुंबरबाई रोज तिला न्हाऊ घालायला यायच्या. पायांवर आडवी घेऊन कढत पाण्याचे तांबे सोडायच्या, आणि मानेच्या वळीतून काहीतरी बोटाने काढून पाण्यात सोडायच्या. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी मोरीत जाऊन पाहिलं. तळाशी बारीक पांढरी कच होती. दगडाची. आदल्या दिवशी मी स्वतः पुसून, दुपट्यात गुंडाळून, दार बंद करून कुशीत घेतलेल्या मुलीच्या मानेतून निघालेली.

झुंबरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. पाणी उचलून लांब अंगणाबाहेर नेऊन टाकलं.

"ताई," त्या हळूच म्हणाल्या, "हिला रडवा. काय बी करून रडवा. रडली की हितली हुईल."

मी तिला चिमटे काढले. आई होऊन काढले. पाळण्याशेजारी पितळी तांब्या आपटला. ती माझ्याकडे बघत राहायची, शांतपणे, आपलं माणूस यायचं आहे म्हणून परक्या घरी बसलेल्या पोरीसारखी.

७

बाराव्या दिवशी बारसं केलं. सासूबाईंनी आळीतल्या सगळ्या बायका बोलावल्या. मला वाटत होतं गर्दी असू दे, गोंगाट असू दे. दुपारी पाळणा फुलांनी सजला, घुगऱ्यांचा वास घरभर झाला. गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं. मुलीला पाळण्यात ठेवलं आणि आमच्या मालनवन्सं, म्हणजे माझी नणंद, तिच्या कानाशी वाकल्या. चाल आहे तशा सगळ्या बायका वन्संच्या पाठीत धपाटे घालू लागल्या. हशा झाला. वन्सं ओरडल्या, "अगं हळू! कुर्रर्र..." आणि कानात नाव सांगितलं.

तेवढ्यात मुलगी रडली.

खणखणीत रडली. भुकेलं मूल जसं चिडून, श्वास कोंडून रडतं तसं. सगळ्या एकदम बोलू लागल्या. "रडली गं बाई, रडली!" सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. वन्संनी माझे गाल धरले. कोणीतरी साखर वाटायला घेतली.

माझा ब्लाउज भिजला. आधी मला कळलंच नाही. मग दोन्हीकडून धारा लागल्या, इतके दिवस थेंब नव्हता ते दूध, दुखून दुखून येऊ लागलं, आणि मी हसत रडत गर्दीतून पाळण्यापाशी गेले, तिला घ्यायला, पाजायला.

पाळण्यात मुलगी झोपली होती. ओठ मिटलेले होते. छाती संथ वरखाली होत होती.

रडणं चालूच होतं.

पाळण्याच्या पलीकडे झुंबरबाई उभ्या होत्या. त्याही मुलीच्या मिटलेल्या तोंडाकडेच बघत होत्या. मग आम्ही दोघींनी एकदमच दाराकडे पाहिलं. दारात बायकांची दाटी होती, पाठमोऱ्या, वन्संची चेष्टा करणाऱ्या. त्यांच्यामधून एक हात चौकटीवर होता. हिरव्या बांगड्या, मनगटापर्यंत पांढरी धूळ. मी बघता बघता तो हात चौकटीवरून उचलला गेला, आणि रडणं अंगणात गेलं.

मी निघाले. झुंबरबाईंनी माझा दंड पकडला.

"जाऊ नगा, ताई. हातात हाय ती आपली म्हना. तिला घ्या. तिला पाजा."

मी पाळण्यात पाहिलं. मुलीने डोळे उघडले होते आणि ती माझ्याकडे पाहत होती. तिचा काय दोष होता? मी वाकले. तिला उचलून छातीशी धरलं. दूध आटलं. त्या क्षणी आटलं, दोन्हीकडून. मग बाहेर पुन्हा टाहो फुटला आणि पुन्हा धारा लागल्या, ओठ मिटून पडलेल्या त्या पोरीच्या जावळावरून ओघळू लागल्या.

मी तिला झुंबरबाईंच्या हातात दिलं आणि धावत सुटले. ओली बाळंतीण, अनवाणी, बायकांना ढकलत. कोणीतरी माझं नाव घेऊन ओरडलं.

रस्त्यावर लख्ख ऊन होतं आणि कोणीही नव्हतं. रडणं माळीवाड्याकडून पुण्याच्या रस्त्याला लागलं होतं, बारीक होत चाललं होतं. मागे घरात बायकांनी पाळणा म्हणायला घेतला. माझा पदर दुधाने भिजत होता, आणि मी त्या आवाजामागे चालत होते.